लख्खरावांनी पुसलेल्या सावल्या

कुणाच्याही घरी गेलं की लोक आधी माणसांकडे बघतात, मग रिकाम्या खुर्चीकडे. लख्खराव आधी छताकडे बघायचे. दिवा कुठे आहे, किती वॅटचा आहे, सोफ्यावरच्या माणसाच्या तोंडावर उजेड पडतोय की नुसता टकलावर, हे सगळं बघून झाल्यावर मग त्यांच्या तोंडून "काय, कसं काय?" निघायचं. एका मोठ्या हॉस्पिटलात वायरमन म्हणून सव्वीस वर्षं काढलेला माणूस. तिथल्या लांबलचक बोळात एखादी ट्यूब फडफडायला लागली की नर्सबाईंनी तक्रार लिहायच्या आत हे शिडी घेऊन हजर. काम झालं की खाली उतरायचं, हात झटकायचे, वर बघायचं आणि एकच शब्द म्हणायचा, "लख्ख." त्यावरून हे नाव पडलं आणि असं चिकटलं, की हजेरीच्या कागदावरचं खरं नाव वाचताना त्यांनाच क्षणभर हे कोण बुवा असं वाटायचं.

त्यांची बायको रंगांच्या दुकानात शेड जुळवायचं काम करते. हॉस्पिटलातले सगळे तिला वहिनी म्हणतात, आपणही वहिनीच म्हणू. गिऱ्हाईक भिंतीचा टवका कागदात गुंडाळून आणतं आणि "अगदी हाच हवा" म्हणून उभं राहतं. वहिनी तो टवका दाराशी उजेडात नेतात, दोनदा उलटसुलट करतात आणि पांढऱ्याच्या डब्यात हे चार थेंब, ते दीड थेंब सोडून डबा घुसळायला लावतात. दुकानात रंग मोजायचं यंत्रही आहे. मालक गिऱ्हाइकांना यंत्र दाखवतात आणि वहिनींनी केलेला डबा देतात.

पण लग्नाच्या आगेमागे तीन वर्षं वहिनी वेगळ्याच कामात होत्या. एक लहानशी कंपनी, दोन खोल्या, सात माणसं आणि एक व्हिडिओ गेम. गेममध्ये एक जुनं हॉटेल आणि त्यात मिशीवाला म्हातारा हमाल. पाहुणे विसरून गेलेल्या वस्तू शोधायच्या आणि ज्याच्या त्याला पोचवायच्या, एवढाच खेळ. ना बंदुका, ना मारामारी. त्या हॉटेलाच्या भिंती, लाद्या, पडदे, दारं, सगळं वहिनींनी रंगवलेलं. तेव्हाच्या कॉम्प्युटरांना उजेडाचा हिशेब झेपायचा नाही, म्हणून सावल्याही चित्रातच रंगवाव्या लागायच्या. खुर्चीखाली थोडा काळोख, खिडकीखाली पिवळसर पट्टा. गेम जेमतेम चालला, कंपनी बंद पडली आणि वहिनींनी रंगवणं सोडलं ते सोडलंच. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "भिंती रंगवत होते. आताही भिंतींचेच रंग देते. त्यात काय सांगायचं?"

हे "त्यात काय सांगायचं" लख्खरावांना सलायचं. त्यांना आठवत होतं, लग्न ठरलं तेव्हा ही मुलगी बोलता बोलता मध्येच थांबून बशीच्या कडेची सावली बघत बसायची. आता ती कशाकडेच तशी बघत नव्हती. चारचौघांत नको, पण घरात तरी बायकोनं एकदा म्हणावं की ते काम माझं होतं आणि चांगलं होतं, एवढी एकच इच्छा त्यांनी मनात धरली होती. बोलून दाखवायची मात्र सोय नव्हती, कारण विषय काढला की वहिनी स्वयंपाकघरात जायच्या.

अशात एक दिवस एक्स-रे विभागातला प्लग बदलताना तिथल्या तंत्रज्ञानं त्यांना मोबाइलवर एक गंमत दाखवली. तोच हॉटेलवाला गेम. जगात कुठे कुठे बसलेली चार-पाचशे माणसं तो अजून खेळत होती आणि त्यांचा इंटरनेटवर एक गट होता. वर हेही कळलं, की हल्ली हौशी लोक असल्या जुन्या गेममध्ये नवा उजेड घालतात. शेडर नावाचा छोटा प्रोग्राम गेमला जोडायचा, की तो प्रत्येक दिव्यातून किरण सोडतो, किरण कुठे आपटला, तिथून कुठे उडाला याचा माग काढतो आणि खऱ्यासारखा उजेड पाडतो. याला रे ट्रेसिंग म्हणतात आणि अशा जोडकामाला मॉड.

"म्हणजे हॉटेलात वायरिंग करायचं," लख्खराव म्हणाले.

"तसंच समजा," तंत्रज्ञ म्हणाला.

झालं. त्या दिवसापासून लख्खरावांनी स्वतःला त्या हॉटेलाचा वायरमन नेमून टाकलं. घरातला कॉम्प्युटर मागच्या खोलीत हलला. ड्यूटीवरून आल्यावर दीड तास आणि रविवारची अख्खी दुपार तिकडे जायला लागली. वहिनींनी दोनदा विचारलं, "काय चाललंय?" यांनी दोन्ही वेळा सांगितलं, "शिकतोय." ते खोटं नव्हतं.

शिकताना नाकी नऊ आले. पहिल्या दिवशी पडद्यावरच्या अक्षरांच्याच सावल्या पडायला लागल्या. "गेम सुरू करा" या शब्दांची सावली हमालाच्या पोटावर. दुसऱ्या आठवड्यात हमालाची मिशी दिव्यासारखी पेटली आणि तो जिथे जाईल तिथे उजेड करत फिरू लागला. मग लक्षात आलं की या हॉटेलाच्या भिंतींना जाडीच नाही. नुसता दर्शनी पापुद्रा, मागे काही नाही, त्यामुळे बाहेरचं ऊन सरळ भिंतीतून आत. शिवाय आपण पाठ फिरवली की गेम मागची खोलीच गुंडाळून ठेवायचा, त्यासरशी तिथला दिवाही बंद. लख्खरावांना ही सवय फार आवडली. हॉस्पिटलातल्या साहेब लोकांना हे शिकवता आलं असतं तर बरं झालं असतं, असं ते तंत्रज्ञाला म्हणाले. तरी त्यांनी एकेक करून सगळं निस्तरलं. भिंतींना मागून अस्तर लावलं, मिशी विझवली, प्रत्येक खोलीत हातानं दिवा टांगला.

आणि मग खरी अडचण उभी राहिली. प्रत्येक वस्तूला दोन सावल्या पडायला लागल्या. एक नव्या दिव्याची, एक चित्रात आधीपासून रंगवलेली. टेबलाच्या डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि मध्ये टेबल बिचारं अवघडून उभं. गटावर विचारलं. तिथे किरणशास्त्री म्हणून एक वडीलधारे गृहस्थ होते. त्यांनी अकरा गेममध्ये उजेड घातला होता आणि त्यांच्या शब्दापुढे कुणी बोलत नसे. त्यांनी एका ओळीत निकाल दिला, "जुन्या सावल्या पुसून टाका."

लख्खरावांना ते लगेच पटलं. घरात वीज आल्यावर भिंतीवरची काजळी कोण जपून ठेवतं? त्यांनी एकेक चित्र उघडलं आणि काळोख दिसेल तिथे पुसला. तीनशे चाळीस चित्रं. पडद्यांच्या चुण्या, कपाटाखालचे कोपरे, खिडकीखालचे पिवळे पट्टे, सगळं सपाट आणि स्वच्छ. ही पुसलेली चित्रं मॉडमधून मूळ चित्रांवर चढवायची होती. मन लावून, चिकाटीनं आणि बायकोच्या प्रेमानं त्यांनी हे काम केलं. आपण कुणाचं काम पुसतोय हे या आठ महिन्यांत त्यांच्या डोक्यात एकदाही आलं नाही. सावली म्हणजे उजेडातला बिघाड, ही सव्वीस वर्षांची समजूत अशी एकाएकी जात नाही.

शेवटी एका रविवारी सकाळी त्यांनी मॉड गटावर टाकलं आणि दुपारी साडूंना, मेहुणीला आणि वहिनींना मागच्या खोलीत बोलावलं. साडूंना बोलावलं ते टाळ्या वाजवायला, हे उघड होतं. हॉटेलाचं दार उघडलं. संगमरवरावर झुंबराचा उजेड सांडला होता, पितळी मुठी चमकत होत्या, हमाल चालला की त्याची सावली पायाशी लहानमोठी होत होती.

"आधी कसं होतं?" साडूंनी विचारलं.

लख्खरावांनी एक बटण दाबून जुनं दाखवलं, पुन्हा दाबून नवं.

"मला दोन्ही सारखंच दिसतंय," साडू म्हणाले आणि मेहुणीनं त्यांना कोपरानं ढोसलं.

वहिनींनी माउस हातात घेतला आणि हमालाला खोल्याखोल्यांतून फिरवून आणलं. पहिला मजला, दुसरा मजला. एका ठिकाणी थांबल्या.

"ही लादी कुणी धुतली?"

"मी," लख्खराव कौतुकानं म्हणाले. "डाग होता तिथे."

"डाग नव्हता. खिडकीच्या गजांची सावली होती." मग म्हणाल्या, "बरं झालं पुसलीत. नाहीतरी सगळं खोटंच होतं ते. आता छान दिसतंय." आणि मेहुणीला घेऊन चहा टाकायला गेल्या.

चहा प्यायला गेला, साडू गेले, भांडी घासली गेली. वहिनी रागावल्या असत्या तर लख्खरावांना चाललं असतं. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना ते पटलं होतं. आपलं काम सांगण्यासारखं नव्हतंच, हे जे त्यांनी बावीस वर्षं मनात धरलं होतं त्याच्यावर नवऱ्यानं आठ महिने खपून शिक्का मारून दिला होता. लख्खरावांना स्वतःची इतकी लाज याआधी फक्त एकदा वाटली होती, ऑपरेशन थिएटरऐवजी कँटीनचा जनरेटर चालू केला होता तेव्हा.

सोमवार-मंगळवार असेच गेले. बोलणं सगळं चालू होतं, मीठ दे, दार लाव, पण नुसतं कामापुरतं.

तिकडे गटावर मात्र मॉड गाजायला लागलं. आणि त्यातही एकच चित्र हातोहात फिरत होतं, तिसऱ्या मजल्यावरचा जिना. दुपारचं ऊन वरच्या झरोक्यातून येतंय, कठड्याच्या खांबांच्या सावल्या पायऱ्यांवरून उतरतायत. लोक लिहीत होते की इतका खरा उजेड आम्ही आजवर पाहिला नाही. किरणशास्त्रींनी तर तीन परिच्छेद लिहिले. किरण कठड्यावर कसा आपटलाय, भिंतीवरून दोनदा कसा उडालाय, आणि हे गणित साधायला केवढी नजर लागते. शेवटी त्यांनी विचारलं होतं, "दिवा नेमका कुठे ठेवलात?"

बुधवारी हॉस्पिटलातल्या चहाच्या सुट्टीत तंत्रज्ञानं लख्खरावांचं अभिनंदन केलं. त्यांनीही ते घेतलं. मनाला लागलेलं असताना कौतुक जरा जास्तच गोड लागतं. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी किरणशास्त्रींना झोकात उत्तर लिहायला घेतलं, आणि दिव्याची जागा अचूक सांगावी म्हणून जिना उघडला.

दिवा सापडेना. वर बघितलं, झरोक्याबाहेर बघितलं, पायऱ्यांखाली बघितलं. उजेड आहे आणि दिवा नाही, असं वायरमनच्या आयुष्यात होत नाही. त्यांनी जुनं-नवं करायचं बटण दाबलं. काही हललं नाही. पुन्हा दाबलं. जिना होता तसाच.

मग आठवलं. त्या मजल्यावर काम करताना ऊन भिंतीतून गळत होतं म्हणून जिन्यापुरतं त्यांनी शेडर बंद करून ठेवलं होतं. तेवढ्यात लिफ्ट अडकली म्हणून हॉस्पिटलातून फोन आला आणि ते उठून गेले. परत आल्यावर जिना राहूनच गेला. रे ट्रेसिंग नाही, दिवा नाही, आणि चित्रंही पुसायची राहिलेली. अख्ख्या हॉटेलात लख्खरावांचा हात न लागलेली ती एकच जागा होती, आणि लोक तिच्यावरूनच जीव ओवाळून टाकत होते.

आधी त्यांना हसू फुटलं, अगदी एकट्यानं, खुर्ची हलेपर्यंत. मग किरणशास्त्रींचा प्रश्न आठवला. गप्प बसलं तर कुणालाच कळणार नव्हतं. जिन्यावर झरोक्याबाहेर एक दिवा टांगून "इथे" म्हणून सांगितलं असतं तरी चाललं असतं, आणि ज्या गटात आठ महिन्यांपूर्वी मिशी पेटली म्हणून सगळे हसले होते तिथे आता मानाची जागा मिळाली होती. त्यांनी फार वेळ विचार केला असं म्हणता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवर निघण्याआधी, बूट घालून उभ्या उभ्या त्यांनी लिहून टाकलं. "जिन्यावरचा उजेड माझा नाही. तिथे शेडर चालू करायला मी विसरलो. तुम्ही बघताय ते माझ्या बायकोनं बावीस वर्षांपूर्वी हातानं रंगवलेलं आहे."

दुपारच्या सुट्टीत डबा न खाता ते रंगाच्या दुकानात गेले. वहिनी दाराशी हातात हिरवट टवका घेऊन उभ्या होत्या, शेजारी गिऱ्हाईक.

"आत्ता? काय झालं? बरं आहे ना सगळं?" वहिनी दचकल्याच.

"बरं आहे. हे वाच." त्यांनी मोबाइल पुढे केला, किरणशास्त्रींचे तीन परिच्छेद आणि वर जिन्याचं चित्र. "त्यांना वाटलं माझं आहे. तुझं आहे ते. शेडर बंद आहे तिथे."

वहिनींनी टवका गिऱ्हाइकाच्या हातात दिला आणि वाचलं. चित्र दोन बोटांनी मोठं केलं, पुन्हा वाचलं. कपाळाला आठी पडली.

"दोनदा नाही उडालेला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"उजेड. हे म्हणतात भिंतीवरून दोनदा उडालाय. भिंतीवरून एकदाच. दुसरा आलाय तो समोरच्या हिरव्या दारावरून. म्हणून खालच्या तीन पायऱ्यांत किंचित हिरवा घातलाय मी. इथे बघा. आणि खांबाची सावली पायरीच्या कडेला मोडते, सगळे ती सरळच काढतात. आमच्या ऑफिसच्या जिन्यावर चार दिवस जेवण झाल्यावर जाऊन बसत होते त्याच्यासाठी. साहेबांना वाटलं मी रुसलेय."

हे सगळं त्या एका दमात बोलल्या. गिऱ्हाइकानं मान वाकडी करून मोबाइलमध्ये बघितलं आणि विचारलं, "फोटो आहे का?" वहिनी नाही म्हणाल्या आणि एकदम भानावर आल्या.

"पण त्यांना कळलं तर तुमचं हसं होईल."

"सकाळीच कळवलंय."

वहिनी नवऱ्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात मोबाइल त्यांच्याच हातात वाजला. किरणशास्त्रींचं उत्तर आलं होतं. वहिनींनी ते मोठ्यानं वाचलं. "मी चुकलो, आणि चुकल्याचा आनंद आहे. त्यांना नमस्कार सांगा. बाकीचं हॉटेलही त्यांनीच रंगवलं होतं का? मग त्या भिंती कुठे आहेत?"

दुकानात डबे घुसळायचं यंत्र खडखडत होतं. लख्खरावांनी मोबाइल घेतला, जाड बोटांनी दोन शब्द लिहिले आणि पाठवायच्या आधी बायकोला दाखवले. "मी पुसल्या."

"चुकलं माझं," ते म्हणाले. "मला वाटलं मी तुझं काम उजेडात आणतोय. बघितलंच नाही गं काय आहे ते. खुर्चीखाली काळं दिसलं की पुसलं."

"मूळ चित्रं गेममध्ये असतीलच ना?" वहिनींनी विचारलं.

"आहेत. माझी काढून टाकली की झालं. पण मग पुन्हा दोन दोन सावल्या पडतील."

"पडणारच. दिवे चुकीच्या जागी टांगलेत तुम्ही," वहिनी म्हणाल्या आणि टवका घेऊन गिऱ्हाइकाकडे वळल्या.

लख्खराव तसेच हॉस्पिटलात परत आले. दुपारभर शिडीवर उभं राहून तेच वाक्य डोक्यात फिरवत होते. तसं बघितलं तर साधी गोष्ट होती. दिवा आधी टांगायचा आणि सावली मग, ही त्यांची जन्माची पद्धत. इथे सावली आधीच पडलेली होती. तिच्यावरून मागे मागे जाऊन दिवा शोधायचा होता. रंगवणाऱ्या बाईनं तो मनात कुठे धरला होता, तिथेच तो टांगला की नवी सावली बरोबर जुन्या सावलीवर जाऊन बसली असती. आणि ती बाई घरातलीच होती.

संध्याकाळी त्यांनी मागच्या खोलीत दोन खुर्च्या मांडल्या, स्वतःची पुसलेली तीनशे चाळीस चित्रं काढून टाकली आणि हॉस्पिटलात वायरिंगचा नकाशा काढतात तसा चौकटीचा कागद घेऊन बसले. वहिनी हात पुसत आल्या.

"पहिली खोली," लख्खराव म्हणाले. "दिवा?"

"खिडकीशी. डोक्याच्या वर थोडा. पिवळट."

त्यांनी टांगला. खुर्चीची नवी सावली सरकत सरकत आली आणि रंगवलेल्या सावलीवर चपखल बसली. कडेला वहिनींनी सावलीत घातलेला जांभळा रंग उरला होता तो तेवढा दिसत राहिला, आणि त्यानंच ती खोली खरी वाटायला लागली. लख्खरावांनी कागदावर फुली मारली आणि पुढची खोली उघडली.

असे त्यांनी बारा-तेरा दिवे लावले. आधी वहिनी नुसतं उत्तर द्यायच्या. मग सांगायला लागल्या की हा पडदा करताना ताप होता, ही लादी तीनदा केली, हे कपाट साहेबांना आवडलं नाही तरी तसंच ठेवलं. चौदा नंबरच्या खोलीशी मात्र गाडी अडली. लख्खरावांनी दिवा डावीकडे नेला, उजवीकडे नेला, सावली काही बसेना.

"बसणार नाही," वहिनी म्हणाल्या. "चुकलेली आहे ती. दिवा डावीकडे आणि खुर्चीची सावलीही डावीकडे. दुसऱ्या दिवशी गेम द्यायचा होता, सुधारायला वेळच नव्हता. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण मला माहीत होतं."

"मग हिच्यापुरती मी पुसून दिव्यानं करू का?" लख्खरावांनी जपून विचारलं. "एका मिनिटाचं काम आहे."

"अजिबात नाही," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही दिव्यांचं बघा. चौदा नंबर माझी आहे."

लख्खराव उठले आणि त्यांनी आपली खुर्ची त्यांना दिली. वहिनींनी माउस धरला, थोडं अडखळत चित्र मोठं केलं, आणि खुर्चीच्या डावीकडची सावली स्वतःच्या हातानं पुसून उजवीकडे रंगवायला घेतली.